रात्याचं बी

रोहा, ८ डिसेंबर २०२४

ती. शांतीमावशी,

नमस्कार, आणि तोही लेखी. परवा फोनवर तू म्हणालीस, "फोनवरचं बोलनं वाऱ्यावर जातं गो. काय पायजे ते कागदावर लिव आनि खाली सही कर." आई पोट धरून हसली. म्हणाली, माझी बहीण देवळातल्या प्रसादाचाही आधी वास घेते. तर हा घे कागद.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जनुकशास्त्र. या वर्षी प्रत्येकाने स्वतःचा प्रकल्प करून प्रबंध द्यायचा असतो. माझा प्रकल्प तुमच्या खाऱ्या भातावर आहे, म्हणजे रात्यावर. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात आलं, तर आमच्या रोह्याकडचं भात पिवळं पडून बसतं आणि तुमचा राता मात्र काही झालंच नाही अशा थाटात उभा असतो. हा गुण त्याच्या पेशीत लिहिलेला आहे, पिढ्यान्‌पिढ्या आलेला. भातात गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. पहिल्या गुणसूत्रावर मीठ सोसायला मदत करणारा एक भाग शास्त्रज्ञांना आधीच सापडलाय. मला बघायचंय की रात्यात तोच भाग आहे, की काही वेगळंच आहे.

त्यासाठी बी रुजवायचं, रोपांची कोवळी पानं खुडायची आणि त्यातून डीएनए काढायचा. बी उगवलंच नाही तर माझ्या हातात काही नाही. ना पान, ना डीएनए, ना प्रबंध. वर्ष फुकट जाईल.

विद्यापीठात कुंड्या ठेवायला जागा नाही, म्हणून आमच्या गाइड अनिता मॅडमनी रोह्यातल्या एका कॉलेजच्या मागचं शेडनेट, म्हणजे हिरव्या जाळीचं रोपघर, मिळवून दिलंय. मी आणि माझ्या वर्गातला रितेश, दोघं तिथे काम करतो. तो पेणहून गाडीने येतो, त्याने जागा माझ्या कुंड्यांच्या शेजारीच मागून घेतलीय.

मला तीन घरचं ओंजळ ओंजळ बी हवंय. तुझं, काळुरामकाकांचं आणि जनूकाकांचं. देशील ना?

सही केली आहे. तारीखही वर आहे.

तुझी,
निशिगंधा

---

खाडीकाठ, ता. पेण
१७ डिसेंबर

निशे,

तुला आशीर्वाद. तेवढाच बिनशर्त आहे, बाकी सगळ्याला अटी आहेत.

पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा साहिलला मोठ्याने वाचायला लावलं. तो म्हणाला, "आये, ती शिकतेय, तिला दे की." माझा पोरगा भोळा आहे. कंपनीत शिफ्ट करतो आणि सुपरवायझर सांगेल ते खरं मानतो.

आता माझे प्रश्न. तू लिहिलंस, "की काही वेगळंच आहे." समज निघालं वेगळंच, मग ते कुणाचं? तुझं? तुझ्या मॅडमचं? विद्यापीठाचं? आमचं तर त्यात कुठे नाव दिसलं नाही. दुसरं, मॅडमचे यजमान काय करतात? बियाण्याच्या कंपनीत तर नाहीत ना? तिसरं, तो रितेश कशावर काम करतो आणि त्याला तुझ्या कुंड्यांच्या शेजारीच जागा का हवी होती?

तू म्हणशील मावशी संशयी आहे. आहेच. मागे आमच्या जमिनी मागायला माणसं आली होती, तीसुद्धा तुझ्यासारखीच गोड बोलत होती. नुसती मोजणी करतो म्हणाली. आम्ही त्यांना चहा पाजला, वर पोहे दिले. मोजून झाल्यावर आमच्याच शेतात उभं राहायला आम्हाला मोर्चे काढावे लागले. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याला मी चहासुद्धा बिनसाखरेचा देते.

काळुराम भावजी म्हणाले, "वयनी, पोरगी आपली हाय, देऊन टाक." मी म्हटलं, पोरगी आपली, पण पोरीची मॅडम कुणाची?

तरी पाठवतेय. तिन्ही घरचं बी मी स्वतः गोळा केलं, माझ्या अंगणात चांगलं कडक वाळवलं आणि तीन पिशव्यांत बांधलं. साहिल कंपनीच्या बसने रोह्याला येतो, तो घरी आणून देईल. आणखी मागू नकोस. रात्याचं बी गावाबाहेर द्यायची आमच्यात पद्धत नाही. या घरात आल्या वर्षीच सासूबाईंनी मला बजावलं होतं. गावच्या पोरींना हे सांगत नाहीत, कारण त्या लग्न होऊन बाहेर जातात. सुनांना सांगतात. तुझ्यासाठी मी ती पद्धत मोडली, हे लक्षात ठेव.

आणि उत्तर येईपर्यंत बी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस.

शांतीमावशी

---

रोहा, २ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,

उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला काही चांगलं नव्हतं.

आधी तुझे प्रश्न. मॅडमचे यजमान शाळेत चित्रकला शिकवतात. वेगळं काही निघालं तर ते कुणाचं, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्ञान सगळ्यांचं असतं. तुला हे पटणार नाही, मलाही पुरतं पटलं नाही, पण त्यांनी प्रबंधात गावाचं आणि तुम्हा तिघांचं नाव घालायचं कबूल केलंय.

आता खरं दुखणं. बी उगवलं नाही. एक दाणासुद्धा नाही. भिजवलं, ओल्या कपड्यात दडपलं, वाट पाहिली. शेजारच्या ट्रेमध्ये बाबांच्या शेतातलं साधं भात तुलनेसाठी लावलं होतं, ते तरारून वर आलं. म्हणजे पाणी ठीक, माती ठीक, ऊब ठीक. पुन्हा लावलं. पुन्हा साधं भात वर आणि रात्याचे तिन्ही ट्रे मुके. दाणे फुगून नुसते आंबले. एका घरचं बी किडलं असेल, म्हातारं असेल, हे मी समजू शकते. तीन घरचं बी एकदम कसं मरेल?

मावशी, कुणीतरी माझ्या बियाला काहीतरी केलंय.

शेडनेटच्या किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक रितेशकडे. पुढच्या वर्षी मॅडमकडे पीएचडीची एकच जागा आहे आणि आम्ही दोघंही तिच्यावर डोळा ठेवून आहोत. पिशव्या उघडल्या त्या दिवशी तो मुद्दाम जवळ आला, मूठभर दाणे नाकाशी नेले आणि म्हणाला, "ह्याला वास कसला येतोय गो?" तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आता वाटतं, तो आधीच तयारी करत होता. उद्या काही झालं तर म्हणायला, बी मुळातच खराब होतं. लॅबच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवलं तरी बी मरतं आणि दिसायला तसंच राहतं. ओव्हन कुणी कधी वापरला त्याची वहीही तोच भरतो.

तू पहिल्या पत्रातच विचारलं होतंस, त्याला माझ्या शेजारीच जागा का हवी होती. मी हसले होते. आता हसू येत नाही. मी मॅडमकडे तक्रार करणार आहे.

पिशव्यांत थोडं थोडं बी उरलंय, पण तेही त्याच खोलीत होतं. मला नवीन बी पाठव, पाया पडते.

निशिगंधा

---

खाडीकाठ
१० फेब्रुवारी

निशे,

पत्र मिळालं. वाचून जेवण गेलं नाही.

बी कधी कधी रुसतं. हवा असते, पाणी असतं. रोह्याच्या पाण्याचं काय सांगावं, आजूबाजूला एवढ्या कंपन्या. तू लगेच तक्रार वगैरे करू नकोस. संशय मीही घेते, पण मनात ठेवते आणि दार लावून घेते. कागदावर दुसऱ्याचं नाव लिहिलं की ते पुसत नाही.

विषय बदलता येत नाही का? बाबांच्या भातावर कर काहीतरी, ते उगवलंय ना छान. किंवा मॅडमनाच विचार. मला तर वाटतं, त्यांनाच तुझा विषय नको असेल. मोठी माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, हळूच पाय ओढतात.

तो रितेश कुणाचा पोरगा? पेणमध्ये कुठे राहतो? तक्रार केलीस तर त्याचं काय होईल, तेही लिही.

नवीन बीचं बघू. सध्या माझी कंबर धरलीय.

शांतीमावशी

---

रोहा, २३ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी तक्रार देऊन बसले होते. आता मागे फिरता येत नाही आणि मला फिरायचंही नाही.

विचारलंस म्हणून लिहिते. रितेश रामवाडीचा, हायवेच्या बाजूला घर आहे. वडील आणि काका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात, त्यांच्या घरातून विद्यापीठात गेलेला हा पहिलाच. विभागाने त्याची किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत शेडनेटमध्ये यायचं नाही असं सांगितलं. त्याची स्वतःची रोपं आत होती. पाणी कुणी घालायचं हे कुणी ठरवलंच नाही आणि ती वाळली. मी घालू शकले असते. घातलं नाही, कारण मग मी त्याच्या ट्रेला हात लावला असं त्याने म्हटलं असतं. चौकशीत दोषी ठरला तर त्याला काढून टाकतील.

परवा तो आमच्या घरी आला. आई दारातच उभी राहिली, त्याला आत घेतलं नाही. तो म्हणाला, "काकी, मला फक्त एक दाना द्या त्या पिशवीतला." मी आणून दिला. त्याने नखाने टरफल काढलं, दाणा दाताखाली फोडला, अर्धा तळहातावर ठेवून मला दाखवला आणि म्हणाला, "निशिगंधा, हे उकडं हाय. बग, आत काचेवानी हाय. कच्च्या भाताचं पोट पांढरं असतं. तू आनि मॅडम एवढे महिने पोथी वाचताय, दाना सोलून नाय बगितला कोनी?" आणि गेला.

मी नंतर सोलून पाहिला. खरंच, काचेसारखा आहे. तिन्ही पिशव्यांतला. बी उकडलेलं आहे, हे त्याने बरोबर सांगितलं.

पण मावशी, त्याला इतकं नेमकं कसं ठाऊक? ज्याने केलं त्यालाच ठाऊक असतं. त्याने माझं बी काढून घेतलं आणि पिशव्यांत बाजारचं उकडं भात भरलं, किंवा माझंच नेऊन वाफवलं. आता तर मला काही शंकाच उरली नाही.

चौकशी मार्चमध्ये आहे. मला तुझ्याकडून एवढंच हवंय. एका कागदावर लिही: "मी पाठवलेलं बी कच्चं होतं आणि पेरणीयोग्य होतं." खाली सही. तू वाळवून पाठवलंस हे तुझ्या पत्रात आहेच, पण ते मोघम आहे. हा कागद दाखवला की प्रश्न मिटला. आणि कच्चं बी ताबडतोब पाठव. मार्चमध्ये पेरलं तरी एप्रिलमध्ये पानं मिळतील. अजून वर्ष वाचेल.

निशिगंधा

---

खाडीकाठ
२ मार्च

निशे,

तू मागितलेला कागद मी लिहायला घेतला होता. "मी पाठवलेलं बी" इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला.

बी मी उकडलं.

रात्रभर भिजवलं, टोपात हलकी वाफ दिली, टरफल फुटू दिलं नाही, मग अंगणात वाळवलं. तिन्ही घरचं. काळुराम भावजींनी आणि जनूने कच्चं दिलं होतं, त्यांना यातलं काही माहीत नाही. सासूबाईंनी मला हेच सांगितलं होतं. बाहेरच्याला राता खायला द्यायचा, पेरायला द्यायचा नाही, आणि नाही म्हणायचं तोंड नसेल तर उकडून द्यायचा. त्यांनी मामलेदाराला असंच दिलं होतं. मी माझ्या बहिणीच्या पोरीला दिलं.

तुझी मॅडम दाणा पेरील आणि आमचा राता कुठल्या तरी कंपनीच्या पिशवीत जाऊन बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. उगवलं नाही तर तुझं वर्ष जाईल, हे तू स्वच्छ लिहिलं होतंस. ते मी वाचलं आणि न वाचल्यासारखं केलं. नंतर तू त्या पोराचं नाव घेतलंस, तेव्हाही मी कंबर धरून बसले. कंबर धरलेली नव्हती. जीभ धरली होती. मला स्वतःचीच घाण वाटते आहे, निशे.

आता नीट ऐक. हे पत्र मॅडमना दाखव. त्या पोराला दाखव. त्याच्या आईबापांनाही दाखव. त्याने दाणा पाहून ओळखलं, कारण पेणचं पोर आहे, उकडा भात खात वाढलंय, दुसरं काही कारण नाही. त्याचं नाव स्वच्छ झालं की मला कळव. कच्चं बी काढून ठेवलंय. त्या दिवशी तुझ्या हातात मिळेल, त्याआधी नाही. ही माझी अट आहे आणि यात वाकडंतिकडं काही नाही.

सही पाहिजे होती ना? घे.

शांती

---

रोहा, ११ मार्च

ती. मावशी,

तुझं पत्र मिळालं. राग आला होता, पण आता गेला. तू आमच्या घरची मोठी, तुझ्यावर किती दिवस रागावणार?

पत्र मॅडमना सोमवारी दाखवलं. त्या हसल्याच. म्हणाल्या, गावाकडे असं होतं. रितेशलाही सांगितलं, त्याने मनावर घेतलं नाही. चौकशी रद्द झाली. सगळं अगदी छान मिटलं. आई तुला आठवण सांगते.

आता बी मात्र लगेच पाठव. साहिलच्या हाती दे, मी त्याच्या कंपनीच्या गेटवर येऊन घेईन. एक एक दिवस महत्त्वाचा आहे.

तुझीच,
निशिगंधा

---

खाडीकाठ
१९ मार्च

निशे,

तुझं पत्र फार सरळ होतं. एवढं सरळ तू कधी लिहीत नाहीस. तुझ्या पत्रात एक तरी भांडण असतं, एक तरी "पण" असतो. ज्या पोराची रोपं वाळली, ज्याला तुझ्या आईने दारात उभं ठेवलं, त्याने मनावर घेतलं नाही? मला ते गिळेना. म्हणून मी बी घेतलं, एसटीत बसले आणि रामवाडीला उतरले.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात न रंगवलेले गणपती मांडून ठेवले होते आणि त्याचे वडील हात पुसत बाहेर आले. मी माझं नाव सांगितलं. त्यांना काहीच कळेना. रितेश आतून आला. बारीक पोरगा, डोळे खाली. मी विचारलं, "निशीनं तुला माजं पत्र दावलं का रे?" तो म्हणाला, "कसलं पत्र?"

त्याची चौकशी रद्द झालेली नाही. पुढच्या आठवड्यात आहे. विभागाने त्याच्या वडिलांना बोलावलंय. त्या माणसाने विद्यापीठात घालून जायला शर्ट इस्त्री करून खुंटीला लावून ठेवला होता. तो शर्ट मला दाखवून म्हणाले, "बाई, मी तिथं जाऊन काय बोलू? मला त्यातलं काय कलतं?"

निशे, मी तिथेच ओट्यावर बसले.

मग मी रितेशला त्याच्या फोनवरून तुझ्या मॅडमना लावायला सांगितलं. माझं नाव, गाव आणि मी काय केलं ते सगळं सांगितलं. भिजवल्यापासून वाळवेपर्यंत. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे निशिगंधाला केव्हापासून माहीत आहे?" मी तारीख सांगितली. खोटं मी एकदा बोलून बघितलंय, पुन्हा बोलायची ताकद नव्हती. त्या म्हणाल्या, चौकशी आजच थांबवते, त्याच्या वडिलांनी यायची गरज नाही. आणि तुला उद्या बोलावून घेते म्हणाल्या.

तू का लपवलंस ते मला कळतं. तक्रार खोटी ठरली तर पीएचडीची जागा गेली, मॅडमच्या मनातून उतरलीस, हे सगळं. तुझ्या संशयाला मी खतपाणी घातलं. तुझ्या वाटणीचा दोष मी उचलला असता, पण माझं पत्र लपवायचा दोष तुझा एकटीचा, तो मला उचलता येत नाही. मला तुझा राग आला आहे आणि तरी तू जेवलीस का हेच मनात येतं.

आता बी. ते मी साहिलच्या हाती दिलेलं नाही. तिन्ही घरचं कच्चं बी, काळुराम भावजी आणि जनूला खरं काय झालं ते सांगून, त्यांच्या परवानगीने, मी रितेशकडे ठेवून आले. आमच्या गावातून न उकडता बाहेर गेलेलं हे पहिलंच बी असेल. तो घेत नव्हता. म्हणाला, "मावशी, मला नको. उद्या त्यात काय झालं तर परत मीच चोर." त्याच्या वडिलांनी हात पुढे करून घेतलं आणि माळ्यावर ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, या महिन्यात पेरलं तर तुझा प्रबंध अजून होऊ शकतो. तेव्हा रामवाडीला जा. आईला बरोबर घेऊन जा, दारात कसं उभं राहतात ते तिलाही कळू दे. मी येणार नाही. बी द्यायचं की नाही, हे मी त्याच्यावर सोडलंय. तो काय म्हणाला, ते त्याच्याच तोंडून ऐक.

शांतीमावशी